नव्याने बांधलेलं इंजिन: पहिला अर्धा तास आणि पहिले शंभर किलोमीटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचं फुल इंजिन काम झालंय. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या, क्रँक ग्राइंड केला, बेअरिंग नवे, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि त्यावर टेकणारे टॅपेटही नवे. इंजिन गाडीत बसलंय, पण अजून चालू केलेलं नाही. मेकॅनिक म्हणतात, एक रात्र स्लोवर (गाडी उभी ठेवून, ॲक्सिलरेटर न देता) चालू ठेवू आणि मग हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. तुमचा मावसभाऊ म्हणतो, पहिल्याच दिवशी हायवेला नेऊन पाय खाली दाबायचा. तुम्ही साताऱ्यात राहता आणि विचारताय की ऐकायचं कोणाचं.

दोघांचंही जसंच्या तसं ऐकू नका. त्यातही रात्रभर स्लोवर ठेवायची गोष्ट आधी थांबवा, आजच फोन करून सांगा. नवीन इंजिनाचं सगळ्यात जास्त नुकसान स्लोवर होतं. मावसभावाच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे: रिंगा बसायला इंजिनावर लोड यावाच लागतो. पण लोड म्हणजे सुसाट वेग नव्हे.

कारण समजून घेतलंत तर पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. पिस्टन रिंग स्वतःच्या ताणाने बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, टेकलेली असते, पण तो ताण अगदीच थोडा. तिला भिंतीवर खरं दाबतो तो जळणाऱ्या पेट्रोलचा गॅस. हा गॅस रिंगच्या वरच्या फटीतून तिच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. थ्रॉटल जितका उघडा, तितका सिलेंडरमध्ये चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) जास्त, तितका दाब जास्त. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, दाब नाममात्र असतो, आणि रिंग तेलावर नुसती तरंगत राहते.

आता बोअरकडे बघा. होनिंग केल्यावर, म्हणजे बोअर दगडाने घासल्यावर, भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा दिसतात. त्या रेघांना उंचवटे आहेत आणि दऱ्या आहेत. पहिल्या काही तासांत रिंगने ते उंचवटे झिजवून स्वतःला बोअरच्या नेमक्या आकाराचं करून घ्यायचं असतं. दऱ्यांमध्ये तेल टिकतं, ते पुढे आयुष्यभर लागतं. हे झिजणं दाबाखालीच होतं. दाब नसेल तर रिंगवरून निसटलेला गरम गॅस भिंतीवरचं तेल भाजतो, आणि त्याचा तपकिरी, काचेसारखा गुळगुळीत थर त्या रेघांवर चढतो. आम्ही त्याला ग्लेझ म्हणतो. एकदा ग्लेझ आला की रिंगला खायला काही उरत नाही. मग गाडी तेल पीत राहते, धूर मारत राहते. लोक म्हणतात, अजून हजार किलोमीटर जाऊ दे, बसेल. ती बसत नाही. हेड उतरवा, पिस्टन काढा, पुन्हा होन करा, पुन्हा रिंगा टाका, एवढाच उपाय राहतो.

माझ्याकडे एक जीप अशीच आली होती. दुसरीकडे इंजिन बांधलेलं, मालक शिस्तीचा माणूस, सांगितल्याप्रमाणे चाळीसच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. तेल मात्र दर आठवड्याला टाकावं लागत होतं. उघडलं तर पिस्टन चांगले, बेअरिंग चांगले, माप बरोबर, आणि चारही बोअर आरशासारखे चकचकीत, मधूनमधून तपकिरी झाक. होनिंगची रेघ शोधावी लागत होती. नवीन होन आणि नव्या रिंगा, एवढ्यावर ती गाडी सुधारली. काळजी घेणाऱ्या माणसाचे पैसे केवळ चुकीच्या सल्ल्यापायी दोनदा गेले, म्हणून हे इतकं लांबवून सांगतोय.

चाळीसचा सल्ला मुळात कुठून आला तेही सांगतो, कारण तुमचे मेकॅनिक काही मनातलं बोलत नाहीयेत. पूर्वी नव्या गाडीबरोबर प्रत्येक गिअरची वेगमर्यादा छापून यायची. तेव्हाचं मशिनिंग, पिस्टन आणि तेल आजच्यासारखं नव्हतं. घट्ट पिस्टन तापून फुगला की बोअरमध्ये पकडायचा, ती भीती खरी होती. आजही ओव्हरसाइज पिस्टनचं क्लिअरन्स कमी ठेवलं तर पकडतो. पण त्यावरचा इलाज बोअर करतानाच मापात करायचा असतो. हळू चालवून चुकलेलं माप सुधारत नाही.

म्हणून चालू करण्याआधी मेकॅनिकना चार गोष्टी विचारा. चिडून नको, चहा पिताना विचारा. पहिली, पिस्टनचं क्लिअरन्स किती ठेवलं आणि रिंगच्या तोंडाची फट फीलर गेजने मोजली का. पद्मिनीचा मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा. अशा बोअरला दर इंचाला चार थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) या ढोबळ हिशोबाने वरच्या रिंगला साधारण पाव मिलिमीटर फट येते. फट अगदीच कमी असेल तर गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो. रिंगच्या पाकिटावर आकडा दिला असेल तर तोच धरायचा.

दुसरी, होनिंगनंतर ब्लॉक कशाने धुतला. हे फार महत्त्वाचं आहे आणि यातच सगळ्यात जास्त हयगय होते. होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांत अडकून बसते. डिझेलने किंवा पेट्रोलने धुतलं तर चिकटपणा जातो, भुकटी तिथेच राहते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि कडक ब्रश, हेच लागतं. धुऊन झाल्यावर पांढऱ्या सुती कापडाला थोडं इंजिन ऑइल लावून बोअर पुसायचा. कापडावर राखाडी डाग आला तर परत धुवायचा. डाग यायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं, आणि लगेच तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर उघड्या बिडावर बघता बघता गंज धरतो. पाट्याला टाकी लावल्यावर आपल्या घरात पहिलं वाटण टाकून द्यायचे, कारण त्यात दगडाची कच असायची. इथेही तीच कच आहे, फक्त ती पोटात न जाता बेअरिंगमध्ये जाते.

तिसरी, प्लग काढलेले असताना इंजिन पान्याने हाताने फिरतं का. नव्या रिंगांमुळे जडपणा जाणवेल, पण तो पूर्ण फेरीत एकसारखा हवा. एका ठराविक जागी अडकत असेल, किंवा ‘नवीन आहे, टाईट आहे, ओढून चालू करू’ असं कोणी म्हणत असेल, तर गाडी ओढू देऊ नका. स्टार्टरला न फिरणारं इंजिन नवं म्हणून टाईट नसतं, त्यात काहीतरी चुकलेलं असतं. बेअरिंगची टोपी उलटी किंवा अदलाबदल होऊन बसली, क्रँकचं माप एक आणि बेअरिंगचं दुसरं, असं काहीतरी निघतं.

चौथी, नव्या कॅमबरोबर टॅपेट नवेच आहेत ना. तुम्ही लिहिलंय तसं असेल तर उत्तम. जुना टॅपेट नव्या कॅमवर कधीच टाकू नये, कारण प्रत्येक टॅपेट कॅमवरच्या आपल्या लोबबरोबर (उंचवट्याबरोबर) घासून जुळलेला असतो.

तुमच्या इंजिनात कॅमला मी रिंगइतकंच महत्त्व देतो. पद्मिनीचं हे १०८९ सीसीचं फियाटचं इंजिन पुशरॉडचं. कॅम ब्लॉकमध्ये, त्यावर सपाट तळाचे टॅपेट. कॅमच्या बेअरिंगांना पंपाचं तेल मिळतं, पण लोब आणि टॅपेट जिथे घासतात तिथे तेल पोचतं ते मुख्यतः क्रँक फिरताना उडवतो ते. स्लोवर क्रँक ते तेल पुरेसं उडवत नाही. नव्या लोबवर स्प्रिंगचा पूर्ण दाब असतो, जागा अगदी अरुंद असते, आणि पहिल्या काही मिनिटांतच लोबचा माथा झिजून बसू शकतो. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर या गाड्यांचे भाग हलत होते, आता चांगला कॅम मिळवणं हेच एक काम आहे. मिळालेला जपा.

म्हणून इंजिन पहिल्यांदा चालू करण्याची तयारी अशी करा की चावी फिरवल्यावर ते लगेच पेटलं पाहिजे. अर्धा तास स्टार्टर मारत बसलात तर कॅमवर लावलेली झीज रोखणारी पेस्ट घासून जाते आणि कार्बोरेटरमधलं कच्चं पेट्रोल बोअरवरचं तेल धुऊन टाकतं. तेव्हा ठिणगीचं टाइमिंग आधी, इंजिन बंद असतानाच, लावून घ्या. डिस्ट्रिब्युटर एक दात इकडेतिकडे नाही ना आणि प्लगच्या वायरी १-३-४-२ क्रमाने आहेत ना, हे दोनदा बघा. कार्बोरेटरच्या टाकीत पेट्रोल आधी भरा. पाणी भरताना रॅडिएटरचं झाकण उघडं ठेवा, हवा निघू द्या. त्याच खर्चात रॅडिएटरही साफ करून घेतला असेल अशी आशा आहे. नवं इंजिन जुन्यापेक्षा जास्त तापतं, कारण घर्षण जास्त असतं.

तेल साधं मिनरल घ्या, २०डब्ल्यू-५०. सिंथेटिक आत्ता नको. नव्या गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिकवर येतात हे खरं, पण तिथलं होनिंग वेगळ्या दर्जाचं असतं, उंचवटे आधीच उतरवलेले असतात. आपल्याकडच्या होनिंगला मिनरलच बरं. घर्षण कमी करणारी कोणतीही बाटली वरून ओतू नका, आपल्याला सध्या घर्षणच हवंय. कॅमसाठी तेलात जस्त-फॉस्फरसचं ॲडिटिव्ह लागतं. अलीकडच्या पातळ तेलांत, म्हणजे ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरेंत, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला फॉस्फरसवर मर्यादा घातलेली आहे. २०डब्ल्यू-५० जाडीला ती मर्यादा लागू नाही, पण डब्यावरचा तपशील वाचून घ्या. कॅम आणि टॅपेटला मॉलीची (मॉलिब्डेनमची) ती पेस्ट लावलेली हवी. बोअरला आणि रिंगांना मात्र ती अजिबात नको, तिथे फक्त इंजिन ऑइलचा हलका हात.

आता प्लग काढून स्टार्टर मारा, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे थोडंफार प्रेशर आलं, एवढंच त्यातून कळतं. म्हणून दिव्याच्या स्विचच्या जागी काही दिवसांसाठी काट्याचं गेज बसवून घ्या. गरम इंजिनाला दर हजार आरपीएमला निदान १० पीएसआय हवेत, असा आमचा ढोबळ हिशोब आहे. दोन हजारावर ३०-४० दिसले तर मन निवांत होतं. रॉकर कव्हर उघडून तेल वर पोचतंय हे डोळ्याने पाहा आणि मगच प्लग लावा.

चालू झालं की लगेच रेस दोन हजार आरपीएमच्या आसपास न्या आणि वीस मिनिटं तिथेच राहा, पंधराशे ते अडीच हजाराच्या मध्ये सावकाश खालीवर करत. स्लोवर येऊ देऊ नका. पद्मिनीला आरपीएमचा काटा नाही, तेव्हा मेकॅनिककडचा टॅकोमीटर लावा. चोक जमेल तितक्या लवकर बंद करा. रॅडिएटरसमोर मोठा स्टँडचा पंखा लावा. एक माणूस ऑइलच्या गेजकडे आणि पाण्याच्या तापमानाकडे डोळे लावून बसेल, दुसरा टॉर्च घेऊन खाली वाकून गळती बघेल. सायलेन्सरमधून आणि इंजिनावरून सुरुवातीला धूर येईल, जोडणीचं तेल आणि ग्रीस जळतं त्याचा, घाबरू नका. पण ऑइल प्रेशर पडलं, ठोका आला किंवा पाणी उकळायला लागलं, तर कुठलाही विचार न करता बंद करा. थंड होऊ द्या, कारण शोधा आणि उरलेली मिनिटं नंतर पूर्ण करा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालसर होत असेल तर टाइमिंग मागे आहे, डिस्ट्रिब्युटर फिरवून दुरुस्त करा.

वीस मिनिटं झाली की बंद करा, गरम असतानाच तेल काढा, फिल्टर बदला. एवढं महाग तेल वीस मिनिटांत कशाला टाकायचं, असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. काढलेलं तेल काचेच्या बरणीत घेऊन उन्हात धरा. त्यात रुपेरी झाक फिरताना दिसेल. ती कॅम, टॅपेट आणि रिंगांची बारीक झीज, ती येणारच, आणि ती परत बेअरिंगांतून फिरवण्यात शहाणपण नाही. फिल्टर कापून त्याची घडी उलगडून बघायची सवय मेकॅनिकना असेल तर फारच छान. बारीक राखाडी चमक चालते. नखाला लागतील असे चकाकते कण किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवा.

आणि त्याच दिवशी गाडी रस्त्यावर काढा. ती आठवडाभर अंगणात उभी करून रोज पाच मिनिटं चालू करून ठेवण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

तुमच्याकडे सातारा-कराड रस्ता आहे, सुमारे ५० किलोमीटर, याला उत्तम. पहाटे निघा, रहदारी कमी असते आणि हवा गार. आधी दहा-पंधरा किलोमीटर साधं चालवून सगळं नीट गरम होऊ द्या. मग मागे कोणी नाही असं बघून तिसऱ्या गिअरमध्ये तीसवर या आणि पाऊण थ्रॉटल देऊन पंचावन्नपर्यंत ओढा. तिथे पाय पूर्ण काढून घ्या आणि गिअरमध्येच गाडी परत तीसवर येऊ द्या. ओढताना दाबाने रिंगा बोअरवर घासतात. पाय काढल्यावर सिलेंडरमध्ये व्हॅक्यूम होतो, खालून तेल वर येतं, भिंत गार होते आणि कच धुतली जाते. दोन्ही अर्धी सारखीच महत्त्वाची. असं दहा-बारा वेळा करा, मध्ये दोन-तीन किलोमीटर नुसतं आरामात चालवून इंजिन निववा. नंतर टॉप गिअरमध्ये चाळीस ते पासष्ट असंच. कराडला पोचून बॉनेट उघडा, गळती बघा, तेलाची पट्टी बघा, पाणी गार झाल्यावरच झाकण उघडा आणि परत या. शंभर किलोमीटर झाले, रिंगांचं बरंचसं काम त्यातच उरकतं.

या काळात दोन गोष्टी टाळा. टॉप गिअरमध्ये पंचवीसवर येऊन पाय दाबणं, म्हणजे इंजिन गुडघे टेकून ओढतंय अशी अवस्था, ही बेअरिंगला सगळ्यात वाईट. आणि एकाच वेगाने तासभर चालणं, मग तो वेग चाळीस असो की ऐंशी. पुण्याकडे जायचं झालं तर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत भरलेली गाडी घेऊन खंबाटकी नको. एकटे असाल तर घाट चालेल, फक्त खालच्या गिअरमध्ये, वेळेवर गिअर टाकत. भर बाजारातल्या ट्रॅफिकमध्ये स्लोवर उभं राहणंही शक्य तितकं टाळा.

पाचशे किलोमीटरला पुन्हा तेल आणि फिल्टर. त्याच वेळी हेडचे बोल्ट, पण इंजिन रात्रभर गार झाल्यावर, सकाळी. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, एकावेळी एकच बोल्ट: पाव फेरा सैल करायचा आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायचा. सैल न करता नुसता रेंच लावला तर बोल्ट जागेवर चिकटलेला असतो, रेंच खटकन वाजतो आणि आपल्याला वाटतं घट्ट आहे. ही गोष्ट जुन्या पद्धतीच्या गॅस्केटची. एकदाच ताणायचे बोल्ट असलेल्या आधुनिक इंजिनांना हात लावायचा नाही. बोल्ट झाले की टॅपेट पुन्हा लावायचेच, कारण हेड केसभर खाली बसलं तरी क्लिअरन्स कमी होतं, आणि क्लिअरन्स संपलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

पाचशेनंतर सत्तर-ऐंशी थोडा थोडा वेळ चालेल. पंधराशेला तिसऱ्यांदा तेल बदला आणि मग गाडी हवी तशी चालवा. तोपर्यंत थोडं तेल कमी होणं स्वाभाविक आहे. दर दोनशे किलोमीटरला पट्टी बघून वहीत लिहा. आकडा घटत गेला पाहिजे. पंधराशेनंतरही तो पहिल्याइतकाच असेल तर मनाची समजूत घालत बसू नका. प्लग काढून बघा: कोरडा, विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक, काळा आणि ओला म्हणजे त्या सिलेंडरमध्ये तेल येतंय. मग चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, इंजिन गरम असताना. चौघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल घालून परत मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

डिझेल जीप किंवा बोलेरोचं इंजिन बांधलेल्यांनी हेच सगळं करावं, फक्त स्लोबद्दल आणखी कडक राहावं. डिझेल स्लोवर इतकं थंड जळतं की ग्लेझ लवकर येतो. टर्बो असेल तर पहिल्यांदा चालू करण्याआधी त्याच्या तेलाच्या नळीत हाताने तेल भरायचं. पद्मिनीतली वीस मिनिटांची कॅमची रेस ज्यांच्या इंजिनात सपाट टॅपेटऐवजी रोलर आहेत त्यांना लागत नाही.

तुमच्या मेकॅनिकना हे सगळं एकदम ऐकवण्याऐवजी एवढंच म्हणा की चालू करायच्या दिवशी मी स्वतः हजर राहीन, तेलाचे दोन कॅन आणि दोन फिल्टर घेऊन येतो, आणि वीस मिनिटं रेस धरायची जबाबदारी माझी. इंजिन ज्यांनी मन लावून बांधलंय त्यांना हे पटेल. पहिल्या तेलाची बरणी आणि कापलेल्या फिल्टरची घडी उजेडात धरून फोटो काढा आणि मला दाखवा, कण कसे आहेत ते बघून सांगतो.